मूळ पुस्तक मीच

लिहून ठेवणार : म्बेयू ऊर्फ लीलाबाई, कैलासवासी मानसिंग बाबाजी महाडिक यांची पत्नी, वय सदुसष्ट, धंदा शेती व लेखन, राहणार कडेगाव, तालुका खानापूर, जिल्हा सातारा.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे. माझी छाती आता साथ देत नाही, पण डोके अजून देते. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोडीगुलाबीने मी हे लिहीत नाही. धाकाला मी तरणेपणी भ्याले नाही, आणि गोडीगुलाबी कशासाठी चालली आहे हे मला कळते. वकिलांनी कच्चा मसुदा करून दिला होता. त्यात त्यांनी ‘लीलाबाई ऊर्फ म्बेयू’ असे घातले होते आणि धंद्यापुढे ‘घरकाम’ लिहिले होते. दोन्ही मी खोडून पुन्हा लिहिले आहे. पुढचा मजकूर सगळा माझ्या हातचा आहे.

कलम पहिले. मी कोण.

वाटणीच्या आधी हे सांगणे भाग आहे, कारण सगळे भांडण इथूनच आहे. माझा जन्म आफ्रिकेत, मोंबाशा बंदरासमोरच्या मिशनच्या वस्तीत झाला. माझी आई तिकडची, माझ्यासारखीच काळी. लहानपणी तिला गुलाम करून गलबतात घातली. इंग्रजांच्या आगबोटीने ते गलबत धरले आणि पोरांना मुंबईला उतरवले. तिथून तिला नाशकाजवळ शरणपूरला मिशनच्या शाळेत ठेवले. तिथे ती पाटीवर मुळाक्षरे शिकली, जात्यावर बसली, मराठीत भांडायला आणि रडायला शिकली. मोठी झाल्यावर मिशनने तिला दुसऱ्या बोटीत घालून पुन्हा मोंबाशाला पाठवले. तिथे मी झाले. आईने मला नाव ठेवले म्बेयू. तिकडच्या बोलीत म्बेयू म्हणजे बी, पेरतात ते. आणि आई मला निजवताना बोलायची ती मराठी. तेव्हा मराठी ही माझी सासरची भाषा आहे असे जे समजतात, त्यांनी समज दुरुस्त करून घ्यावा. ती माझ्या आईची भाषा आहे.

कलम दुसरे. माझे यजमान.

मानसिंगराव पलटणीतून सुटून रेल्वेच्या कामावर मुकादम म्हणून मोंबाशाला आले होते. आमच्या विहिरीवर पाणी मागायला आले ते हातवारे करत, मुक्यासारखे. मी म्हटले, “आधी भांडं विसळून घ्या.” त्यांच्या हातातली बादली विहिरीत गेली. मागच्या सोबत्याला ओरडून म्हणाले, “आरं गड्या, ही तर आपलं बोलती!” ती बादली काढायला ते पुढे रोज येत राहिले. बादली कधी निघाली नाही. आम्ही निघालो. मला घेऊन ते कडेगावला आले तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते.

भावकीने आम्हाला वाळीत टाकले. पाणवठा बंद, लग्नकार्याची आमंत्रणे बंद, न्हावी बंद. यजमान म्हणाले, “दाढी वाढंल, दुसरं काय हुईल?” त्यांनी शेतात विहीर खणली आणि तिच्या पाण्यावर ऊस केला. तो ऊस पाहून भावकी हळूहळू वळणावर आली. तत्त्वापेक्षा गूळ गोड, हे मी तेव्हा शिकले.

त्यांनी हयातीत घर आणि शेत मला बक्षीसपत्राने रजिस्टर करून दिले. म्हणून ही वाटणी करण्याचा मला पुरा अधिकार आहे. ज्याला शंका असेल त्याने विट्याला जाऊन कागद पाहावा, चावडीवर बसून पाहू नये.

कलम तिसरे. तांदळातले नाव.

मी घरात आले तेव्हा रीतीप्रमाणे परातीत तांदूळ पसरले. नवऱ्याने अंगठीने नव्या सुनेचे नाव त्यात लिहायचे असते. यजमानांना लिहिता येत नव्हते, म्हणून धाकटे दीर गुंडाजी यांनी लिहिले. घरात अक्षर येणारे ते एकटे. मला कौतुकाने म्हणाले, “ह्ये बग वैनी, ह्ये तुजं नाव. तुला काय कळायचं न्हाई म्हना.”

मी मोठ्याने वाचले, “लीलाबाई.” मग तळहाताने तांदूळ सारखे केले आणि बोटाने लिहिले, म्बेयू.

सासूबाई राहीबाई पुढे सरकल्या. “आवं, ही तर लिवती! काय लिवलंस गं?”

“माझं नाव.”

“म्हंजी काय?”

“बी. पेरायचं बी.”

सासूबाईंनी परातीकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. म्हणाल्या, “मग ऱ्हाऊ द्या. शेतकऱ्याच्या घरात बी नगं म्हनू न्हाई.”

त्या मरेपर्यंत मला त्याच नावाने हाक मारत. जीभ वळायची नाही, तरी मारत. गुंडाजींनी मात्र तलाठ्याकडे लीलाबाईच लावले, आणि सरकारदरबारी मी तीच राहिले. सासूबाईंचे हातातले चांदीचे गोठ माझ्याकडे आहेत. त्यांची आठवण काढली की मला अजून भरून येते. ते गोठ पद्माला द्यावेत. पद्मा म्हणजे गुंडाजींची नात, ज्ञानूची मुलगी. ती सध्या साताऱ्यात मास्तरीण होण्याचे शिक्षण घेत आहे.

कलम चौथे. पुस्तक.

मला मूल झाले नाही. पाणवठा पुन्हा सुरू झाल्यावर बायका ऐकू जाईल असे म्हणत, “नाव बी आन पीक न्हाई.” माझे पीक वेगळे होते. दुपारी शेतावरून आल्यावर मी लिहायला बसे, यजमान समोर बसून तंबाखू मळत आणि मधूनमधून म्हणत, “वाच.” असे करत माझ्या आईची कहाणी पुरी झाली. नाव ठेवले ‘आईचे गलबत’. आमच्याकडची कोणी बाई त्याआधी पुस्तक लिहून बसली असेल तर मला तिचे नाव कळवावे, मी तिला नारळ पाठवीन. आफ्रिकेतली तर नक्कीच नव्हती, निदान मराठीत नव्हती.

आम्ही दोघे बैलगाडीने तासगावावरून सांगलीला गेलो. तिथे अण्णा मोडक यांचा छापखाना होता. माणूस वाईट नव्हता. त्याने कागद चाळले, चष्मा काढला, डोळे पुसले. मग म्हणाला, “फार सुंदर. मूळ पुस्तक कुठे आहे?”

मी म्हटले, “मूळ पुस्तक मीच.”

तो हसला. यजमान म्हणाले, “आवं अण्णा, हिनंच लिवलंय. म्या समूर बसून तंबाकू मळलीया.”

“मानसिंगराव, तुम्ही साधी माणसं,” अण्णा म्हणाले. “कुणा मडमेच्या घरी बाईंनी इंग्रजी पुस्तक ऐकलं असेल, आणि लक्षात ठेवून उतरवलं असेल. तेही थोडं नाही हो. पण असं सुचायला पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार लागतात.”

मला वाटले, छापून झाल्यावर कळेल. छापून आले. पहिल्या पानावर एका गोऱ्या मडमेचे चित्र, हातात टाक. खाली ‘इंग्रजीवरून रूपांतरित’, आणि रूपांतरकार म्हणून अण्णा मोडक. माझे नाव ना आत ना बाहेर. शेवटच्या पानावर आभार होते : ‘या कामी एका हबशी बाईचीही मदत झाली.’

मी त्या दिवशी रडले नाही. पुस्तक उचलले, छापखान्याच्या दारात उभी राहिले आणि माझ्या आईची पहिली चार पाने न बघता म्हणून दाखवली. रस्त्यावर माणसे जमली. अण्णा खाली मान घालून म्हणाले, “बाईंची स्मरणशक्ती अफाट आहे.” त्याला मी काय करणार?

पुढे अण्णांनी मूळ इंग्रजी पुस्तक शोधायला सुरुवात केली. खोटे करायचे म्हणून नव्हे, ते खरोखर शोधत होते. मुंबईला लिहिले, पुण्याला लिहिले, विलायतेच्या दुकानदारांना लिहिले. कुठूनही पुस्तक आले नाही, तरी मीच लिहिले असेल हे त्यांच्या मनाला शिवले नाही. मरेपर्यंत शोधत राहिले. त्यांची मला कीवही येते. पण कीव येते म्हणून मी हक्क सोडत नाही.

कलम पाचवे. वाईचे शास्त्रीबुवा.

वाईच्या एका शास्त्रीबुवांनी मासिकात परीक्षण लिहिले. त्यांचे नाव मी घालत नाही, ते त्यांना पुरते कळेल. त्यांनी लिहिले की रूपांतर बरे आहे, परंतु मूळ इंग्रजीतले सौंदर्य मराठीत उतरलेले नाही. जे पुस्तक जगात नाही, त्याचे सौंदर्य यांनी वाचलेले होते!

त्यांना मी माझ्या जात्याचा खुंटा देत आहे. तो त्यांच्याकडे पोचता करावा. कारण असे की, माझ्या पुस्तकात आई शरणपूरला पहिल्यांदा दळायला बसते, आणि पलीकडची मुलगी उठून गेल्यावर खुंटा धरते तेव्हा तो त्या मुलीच्या हाताने ऊन झालेला असतो. परक्या मुलखात तिला लागलेली ती पहिली ऊब. शास्त्रीबुवांनी खुंटा हातात धरून बघावा. ऊन लागणार नाही. पलीकडे कोणी बसलेले नाही.

हीच ओळ वाईच्या गोदावरीबाई चिपळूणकर यांनी वाचली. बाई बालविधवा, केस काढलेल्या, घराचा उंबरठा न ओलांडणाऱ्या. त्या एकट्या वाईहून गाडीने कडेगावला आल्या आणि माझ्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, “हे मडमेनं लिहिलेलं नाही. मडमेला खुंट्याची ऊब कुठली ठाऊक? दळणारी कोण आहे ती मला दाखवा.” मी पुढे झाले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, घट्टे चाचपले आणि म्हणाल्या, “तुम्हीच.”

एवढा मोठा सांगलीचा छापखाना, एवढे वाईचे शास्त्री. कळले ते जात्यावर बसलेल्या बाईला. पुढे गोदावरीबाईंनी वाई-साताऱ्याच्या किती माजघरांत ते पुस्तक वाचून दाखवले त्याचा हिशेब नाही. प्रत्येक ठिकाणी आधी मडमेचे पान फाडायच्या आणि मग वाचायला सुरुवात करायच्या. माझी कीर्ती आहे ती एवढीच, आणि ती मला पुरेशी वाटत आली होती. आता वाटत नाही. ते का, ते पुढच्या कलमात.

कलम सहावे. हे मृत्युपत्र कशासाठी.

अण्णा गेले. छापखाना आता त्यांचे चिरंजीव मधु मोडक पाहतात. गेल्या महिन्यात ते मोटारीने कडेगावला आले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची आहे, शाळांतून लावायची आहे. पहिले पान तेच, मडम तीच, ‘इंग्रजीवरून’ तेच. माझी सही मागितली. मी दिली नाही. तेव्हा ते अंगणात जाऊन ज्ञानूशी बोलले. मला मूल नाही, म्हणून माझ्या मागे पुतण्या वारस, हे त्यांनी विचारून ठेवले होते. मी खाटेवर पडून सगळे ऐकत होते. छाती बिघडली आहे, कान नाहीत.

ते गेल्यावर ज्ञानू आत आला. “काकी, लोकं तर वाचत्यात न्हवं? नाव कुनाचं का आसंना.”

मी म्हटले, “ज्ञानू, तुझा खिलार बैल शेजाऱ्याच्या नावाने प्रदर्शनात उभा करशील?”

“त्ये येगळं, काकी. बैल हाय त्यो.”

ज्ञानू मनाने दुष्ट नाही. माझ्या दुखण्यात तो रात्रंदिवस राबला आहे. पण मी डोळे मिटले की तो सही करील, हे मला हाताच्या घट्ट्यांइतके स्पष्ट ठाऊक आहे. म्हणजे पोरे शाळेत माझ्या आईची कहाणी वाचतील आणि मडमेचे चित्र बघून म्हणतील, किती दयाळू बाई, तिने त्या बिचाऱ्या काळ्या लोकांबद्दल लिहिले. माझ्या आईला एकदा गलबतात घालून नेली. पुन्हा नेऊ देणार नाही.

म्हणून ‘आईचे गलबत’ या पुस्तकाचे छापण्याचे, विकण्याचे, न छापण्याचे सर्व हक्क मी पद्मा ज्ञानू महाडिक हिला देत आहे. ज्ञानूला किंवा मोडकांना त्यात दाण्याचाही वाटा नाही. पद्माने पुस्तक कुठेही छापावे, पण पहिल्या पानावर एवढेच असावे : आईचे गलबत. लेखिका म्बेयू. कडेगाव. चित्र घालायचे असेल तर माझे घालावे. गेल्या वर्षी साताऱ्यात काढलेला फोटो पद्माकडे आहे. छापताना तोंड उजळ करू नये. छापखानेवाले शाईची काटकसर करतात, या ठिकाणी करू देऊ नये.

कलम सातवे. घर.

घर पद्माला. त्यात राहावे, शाळा काढावी, भाड्याने द्यावे, तिची मर्जी. आईची शरणपूरची दगडी पाटी कोनाड्यात आहे, कोपरा फुटलेली. तीही पद्माची. या पाटीवर मी शिकले, ज्ञानू शिकला आणि पद्मा शिकली. पद्माचे लग्न होईल तेव्हा परातीत तांदूळ जरूर पसरावेत. त्यात काय लिहायचे ते पद्माने ठरवावे, आणि अंगठी तिच्याच हातात द्यावी.

यात एक अपवाद ठेवते. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात कोणी ‘आईचे गलबत’चे मूळ इंग्रजी पुस्तक आणून दाखवले, माझ्या पुस्तकाच्या आधी छापलेले, तर हे घर त्याचे. मोडक आणि शास्त्रीबुवा दोघांनाही भाग घेण्यास मोकळीक आहे. वकील म्हणाले, “बाई, असलं कलम कुणी घालत नाही.” मी म्हटले, मी घालते. घर जाण्याची मला तिळमात्र भीती नाही.

कलम आठवे. माझे अंत्यविधी.

मिशनने मला सोडले, भावकीने मला धरले नाही, त्यामुळे या बाबतीत कोणाची हरकत ऐकण्याचे कारण नाही. यजमानांना जिथे अग्नी दिला तिथेच, शेताच्या खालच्या बांधाला मला द्यावा. अंगावर हिरवे लुगडे घालू नये. आईचा कांगा, म्हणजे तिकडच्या बायका गुंडाळतात ते छापील कापड, ट्रंकेत तळाशी आहे. विटला आहे तरी तोच घालावा. राख उसात टाकावी.

कलम नववे. मृत्युपत्राची अंमलबजावणी पद्माने करावी. पोर लहान आहे, बाई माणूस आहे, अशी हरकत वकिलांनी घेतली होती. तिच्या वयाची असताना मी समुद्र ओलांडला होता, असे मी त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांनी चहा घेतला.

कलम दहावे. शेत, आणि ज्ञानू.

शेत, विहीर, दोन्ही बैल आणि गुऱ्हाळाची कढई ज्ञानूला देत आहे. ते त्याने कमावले आहे. फक्त एक अट आहे.

माणूस गेले की आपल्याकडे त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वर बांबूची पाटी झाकतात. सकाळी भावकी जमते, पाटी उचलतात आणि पिठात कशाचे पाऊल उमटले ते बघतात, म्हणजे मेलेल्याला कोणता जन्म मिळाला ते कळते. माझ्यामागेही बघतील. आजच काहीजण पैजा मारून बसले असतील की कावळ्याचे पाऊल दिसणार. रंगावरून.

तर पीठ ज्ञानूने पसरावे, जोंधळ्याचे, आमच्याच शेतातले. पाटी झाकण्याआधी पद्माने त्यात बोटाने माझे नाव लिहावे. तांदळात मी लिहिले होते तेच. सकाळी सगळी भावकी जमल्यावर पाटी ज्ञानूने उचलावी आणि पिठात दिसेल ते मोठ्याने वाचावे. मनात नाही, कुजबुजून नाही. शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू जाईल असे.

वाचले तर शेत त्याचे. न वाचले तर तेही पद्माचे. अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही. त्याला वाचायला मीच शिकवले आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र वाचून, समजून, स्वतःच्या हाताने लिहिले. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द, ‘आईचे गलबत’ सोडून. ते कायम.

सही : म्बेयू

साक्षीदार :

१. गोदावरीबाई चिपळूणकर, वाई. स्वदस्तूर. (प्रवासाची गाडी स्वतःच्या खर्चाने, ऐकत नाहीत.)

२. ज्योतिबा धोंडी माने, पेन्शनर शिपाई, कडेगाव. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. हा जर्मनांच्या पहिल्या लढाईत मोंबाशाला उतरला होता. आमची विहीर ज्याने डोळ्यांनी पाहिली असा गावात हा एकच इसम उरला आहे, म्हणून त्याला मुद्दाम घेतला. अंगठा उठवताना म्हणाला, “बादली दिसली न्हाई बगा वैनी, पानी लय खोल व्हतं.”

मुक्काम कडेगाव, तारीख ९ मार्च १९४७.